ओसीटीचा कागद आणि प्रत्यक्ष दिसणं: दोन्ही एकत्र कसं वाचायचं?

डोळस_नागपूरकर (धागाकर्ता)

काचबिंदू, मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) येणारी सूज, उतारवयातली मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची झीज. हे आजार एकदा मागे लागले की आयुष्यभर तपासण्या आल्या. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत नाहीतर मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत दर काही महिन्यांनी ओसीटी (पडद्याचा प्रकाशाने काढलेला स्कॅन), फिल्ड (चहूबाजूंना किती दिसतं त्याची तपासणी), पडद्याचे फोटो होतात आणि फाइल जाड होत जाते. घरच्यांचे प्रश्न मात्र फिरून फिरून दोनच असतात. "ओसीटीत सूज उतरली म्हणतात, मग वाचता का येत नाही?" आणि "तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचतो, मग पडदा खराब आहे असं का सांगतात?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ओसीटी पडद्याची रचना मोजतं, म्हणजे कुठला थर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आहे ते. दिसणं हे त्या थरांचं काम आहे. रचना आणि काम एकाच वेळी, एकाच वेगाने बिघडत नाहीत. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू आधी जातात आणि फिल्डमध्ये डाग नंतर उमटतो; तोवर साधारण पाव ते एक तृतीयांश गँग्लिऑन पेशी (या तंतूंच्या मूळ पेशी) गेलेल्या असू शकतात. मधुमेहाच्या सुजेत उलट घडतं. पाणी ओसरतं, जाडी नॉर्मलला येते, पण आतली मांडणी विस्कटलेली राहते आणि नजर परत येत नाही.

म्हणून निव्वळ एका कागदावरून निष्कर्ष काढू नये. ओसीटी काढताना, फिल्ड करताना, तक्ता वाचून घेताना नेमकं काय चुकतं आणि दोन रिपोर्टांची तुलना कधी करायची नाही, हे इथे तपशिलाने लिहावं. इंजेक्शन घ्यावं की नाही, लेसर करावा की नाही, हे प्रश्न या धाग्यात नकोत. ते ज्याने डोळा तपासला त्यानेच ठरवायचं.

तंत्रज्ञ_रामदासपेठ

चांगला विषय. ओसीटीच्या बाजूने सुरुवात करतो.

कागद हातात आला की रंग बघायच्या आधी सिग्नल स्ट्रेंथ, म्हणजे स्कॅनचा दर्जा, बघा. सिरस या यंत्रावर ती १० पैकी असते आणि किमान ६ हवी. स्पेक्ट्रालिस या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर 'क्यू' लिहिलेलं असतं. १५ च्या खाली असेल तर स्कॅन परत काढायला हवा, २० च्या वर असेल तर बरं. सिग्नल कमी असला की यंत्राला थराची कड नीट सापडत नाही आणि नसेचा थर आहे त्यापेक्षा पातळ दाखवला जातो. मोतीबिंदू पिकत चाललेल्या माणसाचा काचबिंदू 'वाढला' असं कागदावर दिसण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. मोतीबिंदू काढल्यावर तोच थर काही मायक्रॉनने जाड दिसतो. तो बरा झालेला नसतो, प्रकाश नीट पोचतोय एवढंच. ऑपरेशननंतर नवीन बेसलाइन (पुढच्या तुलनेसाठीचा पहिला स्कॅन) काढून घ्यावी आणि जुन्या आलेखाला ती जोडू नये.

दुसरं कारण अश्रूंचा थर. एप्रिल-मेमध्ये नागपुरात बाहेर ४५ अंश आणि घरात तोंडावर कूलर, त्यात डोळे कोरडे पडतात. स्कॅनआधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकला, दोनदा नीट मिटून उघडायला सांगितलं आणि उघडल्या उघडल्या स्कॅन घेतला तर सिग्नल एक-दोन अंकांनी सहज वाढतो. आणि गोनिओस्कोपी (डोळ्यावर भिंग टेकवून आतला कोन बघणं) किंवा डोळ्याला टेकवून दाब मोजल्यावर लगेच ओसीटी काढू नये. जेल आणि रंगामुळे बुबुळाचा पृष्ठभाग खराब झालेला असतो. क्रम ठेवायचा तो असा: नजर, मग ओसीटी आणि फिल्ड, आणि डोळ्याला हात लागेल ते सगळं शेवटी.

तिसरं म्हणजे यंत्राने आखलेल्या रेषा. प्रत्येक आडव्या छेदावर यंत्र थराच्या वरची आणि खालची रेषा आपोआप आखतं. पडद्यावर पातळ पापुद्रा असेल, सूज खूप असेल किंवा स्कॅन वरच्या कडेला कापला गेला असेल तर रेषा भलतीकडे जाते. मग २८० मायक्रॉनच्या जागी ४१० छापून येतं. छेदाचं चित्र न बघता नुसता आकडा वाचणं म्हणूनच धोक्याचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. मध्यभागाच्या १ मिलिमीटर वर्तुळाची जाडी मोजताना वरची रेषा सगळे सारखीच धरतात, खालची मात्र वेगवेगळी. जुनं स्ट्रॅटस प्रकाशपेशींच्या जोडरेषेपर्यंत मोजायचं, सिरस रंगद्रव्याच्या थरापर्यंत मोजतं, स्पेक्ट्रालिस त्याच्याही खालच्या ब्रुक पडद्यापर्यंत. त्यामुळे त्याच डोळ्याची जाडी स्पेक्ट्रालिसवर सिरसपेक्षा साधारण १५ मायक्रॉनने जास्त येते आणि स्ट्रॅटसशी फरक ७० च्या आसपास जातो. अमेरिकेतल्या मधुमेही रेटिनाच्या अभ्यासांमध्ये सुजेची मर्यादासुद्धा यंत्रागणिक वेगळी धरली होती: सिरसवर बायकांसाठी २९० आणि पुरुषांसाठी ३०५, स्पेक्ट्रालिसवर ३०५ आणि ३२०. एका दवाखान्यात २८८ आणि महिन्याने दुसरीकडे ३०४ आले, तर सूज वाढली असं म्हणता येत नाही.

अजनी_जंक्शन

वाचनखूण साठवली. एक शंका. सिग्नल ८, रेषा बरोबर, यंत्र तेच, जाडी ४६० वरून २७० वर आली, तरी नजर ६/३६ वरच अडली. असं का होतं?

फुटाळा

@अजनी_जंक्शन, जाडी हा सुजेचा आकडा आहे, नजरेचा नाही. दोघांचा संबंध आहे, पण मध्यमच.

छेदाच्या चित्रात तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, खालच्या बाजूला दोन-तीन उजळ समांतर रेघा असतात, त्यातली एलिप्सॉइड झोनची रेघ. ही प्रकाशपेशींची निशाणी. ती मध्यभागी तुटलेली किंवा पुसट असेल तर सूज उतरूनही अक्षर उमटत नाही. दुसरी, आतल्या थरांच्या सीमा. निरोगी डोळ्यात गँग्लिऑन पेशींचा थर आणि त्याखालचे थर वेगवेगळे ओळखू येतात. जुन्या सुजेत मध्यभागी ते एकमेकांत मिसळून एकच राखाडी पट्टा होतो. रेटिनाचे डॉक्टर याला 'ड्रिल' म्हणतात. जितक्या रुंदीत हे झालं, तितकी नजर परतायची शक्यता कमी. तिसरी गोष्ट साध्या ओसीटीत दिसतच नाही. ती म्हणजे मध्यभागाचा रक्तपुरवठा. केशवाहिन्याच बंद पडल्या असतील तर जाडी २५० असली काय आणि २७० असली काय.

त्यासाठी ओसीटी अँजिओ किंवा हाताच्या शिरेतून रंग टोचून केलेली अँजिओग्राफी लागते. ओसीटी अँजिओला सुई लागत नाही, बंद पडलेल्या केशवाहिन्या थरागणिक दिसतात, पण गळती दिसत नाही, कारण ती फक्त वाहत्या रक्ताची हालचाल पकडते. गळती कुठून आहे हे बघायचं तर फ्लुरेसिन, म्हणजे तो टोचायचा रंगच. १० टक्क्यांचं असेल तर साधारण ५ मिलिलिटर देतात. काहींना अर्ध्या मिनिटात मळमळतं, अंग पिवळसर दिसतं, लघवी दीड दिवसापर्यंत गडद पिवळी होते. यात घाबरण्यासारखं काही नाही. दमा, पूर्वीची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर मात्र सुई टोचण्याआधीच सांगायचं.

ऑप्टोमेट्रिस्ट_धंतोली

ओसीटीवर भरपूर आलं, आता फिल्डकडे वळू. काचबिंदूत पेशंटला खरं किती दिसतं ते हीच तपासणी सांगते, आणि घाईघाईत सगळ्यात जास्त बिघडतेही हीच.

हम्फ्री या फिल्डच्या यंत्रावर नेहमीचा नमुना २४-२, म्हणजे मधले २४ अंश. ५४ बिंदू, एकमेकांपासून ६ अंशांवर. पेशंटला सुरुवातीला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: जवळपास अर्धे दिवे तुम्हाला दिसणारच नाहीत इतके मंद असतात, कारण यंत्र तुमच्या नजरेची कड शोधतंय. हे न सांगितलेला माणूस "आपल्याला दिसत नाही" म्हणून घाबरतो आणि अंदाजाने बटण दाबत सुटतो. अशा वेळी फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे दिवा नसताना दाबलेलं बटण, वाढतात. ते १५ टक्क्यांवर गेले तर तो फिल्ड खऱ्यापेक्षा चांगला दिसतो आणि डाग झाकला जातो. म्हणजे वाईट रिपोर्टापेक्षा जास्त घातक. थकल्यास बटण दाबून धरायचं, यंत्र थांबतं, सोडलं की पुढे चालू होतं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

भिंगाचं आता. दिवे दाखवणाऱ्या वाटीचं अंतर ३० सेंटिमीटर आहे, त्यामुळे साठीच्या माणसाला दूरच्या नंबरात साधारण +३.२५ मिळवावे लागतात. स्वतःचा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून फिल्ड करायचा नाही. भिंग पातळ कडेचं हवं आणि पापण्यांना लागणार नाही इतपत जवळ. चेहरा मागे सरकला की भिंगाची कड आड येते आणि कागदावर चहूबाजूंनी काळी कडी उमटते. वरची पापणी ओघळलेली असेल तर वरच्या भागात खोटा डाग येतो. टेपने पापणी हलकी वर चिकटवून परत केला की जातो. सुरुवातीला चार ठरावीक बिंदू चांगले आणि बाकी सगळं काळं, चार पाकळ्यांच्या पानासारखी आकृती, असं दिसलं तर माणूस मध्येच दमला किंवा झोपला असं समजावं. आणि जन्मतारीख तपासा. यंत्र त्या वयाच्या नॉर्मलशी तुलना करतं; ५८ च्या जागी ३८ वय पडलं तर निष्कारण आजार छापून येतो.

पहिला फिल्ड बहुतेकांचा कच्चा असतो. निदान झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा फिल्ड व्हावेत अशी शिफारस आहे, म्हणजे वेगाने बिघडणारा डोळा लवकर हाती लागतो. खर्च आणि चकरा बघता इतके कमीच जणांचे होतात. पण वर्षाला एक फिल्ड आणि तोही विश्वासार्ह नाही, यावर ऑपरेशनचा निर्णय उभा राहू शकत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

अजून एक. २४-२ चे ५४ पैकी मधल्या १० अंशांत फक्त १२ बिंदू पडतात. वाचायला, चेहरे ओळखायला हाच भाग लागतो. ओसीटीत मॅक्युलाचा गँग्लिऑन थर पातळ दिसतोय आणि २४-२ नॉर्मल आहे, तर १०-२ करून बघावा. त्यात ६८ बिंदू २-२ अंशांवर असतात आणि लपलेला डाग बरेचदा सापडतो.

बुटीबोरीकर

रंगांचं कोणी सांगेल का? कागदावर लाल आलं की घरात रडारड सुरू होते.

तंत्रज्ञ_रामदासपेठ

@बुटीबोरीकर, हिरवं, पिवळं, लाल म्हणजे फक्त यंत्रात साठवलेल्या निरोगी माणसांशी तुलना. लाल म्हणजे त्या वयाच्या निरोगींपैकी १ टक्क्याहून कमी लोकांत इतका पातळ थर असतो. सिरसची ती यादी २८४ जणांची आहे आणि त्यात भारतीय वंशाचे मोजकेच. मोठा मायनस नंबर असेल तर डोळा लांबट असतो, नसेचे जाड पट्टे कानशिलाच्या बाजूला सरकतात आणि वर-खाली खोटं लाल येतं. काचबिंदू नसतानाही.

फुटाळा

इथे थोडी असहमती. खोट्या लालची चर्चा सगळीकडे होते, खोट्या हिरव्याची होत नाही, आणि नुकसान त्यानेच जास्त होतं. एखाद्याचा सरासरी नसथर मुळात ११५ मायक्रॉन होता आणि चार वर्षांत ९५ झाला, तरी कागद हिरवाच राहतो. २० मायक्रॉन गेले आणि सगळे निश्चिंत. एकाच जागी खाच पडलेली असेल तर सरासरीत ती विरून जाते. शिवाय नसेच्या कडेवरचा बारीक रक्तस्राव, जो काचबिंदू पुढे सरकत असल्याची मोठी खूण आहे, ओसीटीच्या रंगीत नकाशात दिसतच नाही. त्यासाठी नसेचा फोटो किंवा डॉक्टरने प्रत्यक्ष बघणं लागतं. ओसीटी आलं म्हणून फोटो बंद करणं ही चूक आहे.

तंत्रज्ञ_रामदासपेठ

फोटोबद्दल पूर्ण सहमत. भर घालतो: दोन भेटींमध्ये ४-५ मायक्रॉनचा फरक यंत्राच्या नैसर्गिक चढउतारातही पडतो. एकदा ९२, मग ८९, एवढ्यावरून काही ठरत नाही. सलग उतरण हवी. आणि थर ५०-५५ वर आला की तळ गाठला समजायचं. मज्जातंतू संपले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या उरतात, म्हणून आकडा शून्याकडे जात नाही. तिथून पुढे ओसीटी वर्षानुवर्षं 'स्थिर' येणार आणि नजर जात राहणार. पुढारलेल्या काचबिंदूत म्हणून फिल्डवर, विशेषतः १०-२ वर भर द्यायचा.

पूर्वविदर्भ

आपल्या भागात एका आजाराचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही: सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार). नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात पेशंट इतके असून डोळ्याच्या तपासणीचं नाव निघत नाही, याचं फार वाईट वाटतं.

यात बिघाड पडद्याच्या कडेला सुरू होतो. गोल्डबर्गच्या पाच पायऱ्या आहेत: कडेच्या धमन्या बंद पडणं, धमनी-शिरांच्या आडवाटा तयार होणं, पंख्याच्या आकाराच्या नव्या रक्तवाहिन्या, डोळ्यात रक्त उतरणं आणि शेवटी पडदा सुटणं. पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत माणूस ६/६ वाचू शकतो. मधुमेहासाठी वापरतात तो ४५ अंशांचा फोटो मधला भागच टिपतो, म्हणजे आजार फोटोच्या चौकटीबाहेर राहतो. बाहुली मोठी करून डोक्याला लावायच्या दिव्याने कडेपर्यंत तपासणं किंवा २०० अंशांचा वाइड-फिल्ड फोटो, यांपैकी एक हवंच. वाइड-फिल्डमध्ये खालच्या पापणीचे केस आड येतात, ते कापसाच्या काडीने खाली ओढून फोटो घ्यायचा.

मध्यभागीही बघण्यासारखं असतं. मॅक्युलाच्या कानशिलाकडच्या अर्ध्या भागात आतले थर पातळ झालेले ओसीटीत दिसतात आणि मायक्रोपेरिमेट्री (पडद्याची बिंदूगणिक संवेदनशीलता मोजणं) केली तर त्याच जागी संवेदनशीलता कमी भरते. तक्ता मात्र पूर्ण वाचला जातो. मुलांना वयाच्या १० व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी बाहुली मोठी करून दाखवावं. तक्रार नसली तरी.

ऑप्टोमेट्रिस्ट_धंतोली

@पूर्वविदर्भ, बरं झालं लिहिलंत. याच जातीचा आणखी एक दुर्लक्षित गट म्हणजे संधिवात, ल्युपससाठी आणि हल्ली मधुमेहासाठीही हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणारे. या औषधाने पडद्याला इजा होऊ शकते. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत असावा अशी शिफारस आहे. ६० किलोच्या बाईला म्हणजे ३०० मिलिग्रॅम, पण गोळी २०० ची, म्हणून सर्रास ४०० दिले जातात. डोस स्वतः बदलू नका, वजन सांगून डॉक्टरांना विचारा. पहिल्या वर्षात एक बेसलाइन तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच. ओसीटी आणि १०-२ फिल्ड दोन्ही हवेत. आशियाई लोकांत मात्र इजा मध्यापासून जरा लांब, रक्तवाहिन्यांच्या कमानीजवळ सुरू होते, म्हणून आपल्याकडे २४-२ किंवा ३०-२ सुद्धा करावा आणि ओसीटीचा छेद रुंद घ्यावा.

अजनी_जंक्शन

आणि नजर मोजण्याचं काय? "दोन ओळी कमी वाचल्या" म्हणजे खरंच बिघडलं का?

ऑप्टोमेट्रिस्ट_धंतोली

@अजनी_जंक्शन, आधी तीन गोष्टी सारख्या होत्या का ते बघा: तक्ता, खोलीतला उजेड, चष्म्याचा नंबर. मोठ्या रुग्णालयात एकदा काचेच्या पेटीतला तक्ता आणि एकदा स्क्रीन, असं होतं. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर मोजलेली नजर तुलनेला घेऊच नका. मग पिनहोल (बारीक छिद्राची झाकणी) लावून वाचायला सांगायचं. सुधारलं तर नंबर बदललाय. पिनहोलने आणखी वाईट झालं तर मॅक्युलावर संशय.

दीर्घ आजारात लॉगमार तक्ता हवा. प्रत्येक ओळीत ५ अक्षरं, प्रत्येक अक्षराला ०.०२ गुण. एकेक अक्षर मोजलं की बारीक बदल कळतो. तरी ५ अक्षरांचा फरक नुसत्या थकव्यानेही पडतो. १० अक्षरं गेली तर गंभीरपणे घ्यायचं.

पण तक्ता म्हणजे काळंभोर अक्षर पांढऱ्याशुभ्र कागदावर. जगणं तसं नसतं. जिन्याच्या पायरीची कड, स्टीलच्या ताटातला पांढरा भात, संध्याकाळी वर्धा रोडवर दिव्याविना येणारी सायकल, हे सगळं फिक्या फरकावर ओळखायचं असतं. ते मोजायला पेली-रॉबसन तक्ता: १ मीटरवरून, अक्षरं सगळी एकाच मापाची, तीन-तीनच्या गटाने फिकी होत जाणारी, प्रत्येक गटाला ०.१५. दीडच्या खाली गुण आले तर अडचण आहे, १ च्या खाली आले तर रोजच्या कामात हाल होतात, तक्त्यावर ६/९ असले तरीसुद्धा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी होत नाही. मागून करून घ्या.

फुटाळा

घरच्यासाठी ॲम्स्लर जाळी, म्हणजे मध्ये ठिपका असलेला चौकटींचा कागद. वाचायचा चष्मा लावून, ३० सेंटिमीटरवर, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघत. नवीन वाकडी रेघ किंवा नवीन पुसट जागा दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. जाळी सरळ दिसली म्हणून ठरलेली तपासणी टाळू नका. मेंदू गाळलेल्या जागा भरून काढतो.

बुटीबोरीकर

शेवटचा प्रश्न. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ओसीटी चालतं का?

डोळस_नागपूरकर

@बुटीबोरीकर, टक्केवारी ओसीटीवरून ठरत नाही. २०१६ च्या कायद्यात चांगल्या डोळ्याची, योग्य चष्म्यासह नजर आणि फिल्ड, एवढंच धरलं आहे. ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा फिल्ड ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, त्याखाली अंधत्व. काचबिंदूत नजर ६/९ असून फिल्ड १५ अंशांवर आलेली माणसं असतात. त्यांनी फिल्डचा विश्वासार्ह रिपोर्ट सोबत न्यावा, नाहीतर नुसत्या तक्त्यावरून अर्ज परत येऊ शकतो. ओसीटी आणि फोटो कारण सिद्ध करायला जोडा.

आणि दवाखाना बदलायचा असेल तर प्रिंटचा मोबाइलने काढलेला फोटो नेऊ नका. पेन ड्राइव्ह द्या आणि सगळ्या भेटींचे पूर्ण स्कॅन मागा. नुसत्या पीडीएफमध्ये एखाद-दुसराच छेद असतो, नव्या डॉक्टरला रेषा बरोबर पडल्या होत्या का हे त्यावरून तपासता येत नाही. थेंब टाकायचे असतील त्या दिवशी गाडी चालवायला दुसरं कोणी हवं, आणि मे महिन्यात गडद गॉगल.